माझा अनुभव : चिपच्या ट्रॉलीत सापडलेले जॉब

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. पावणेदोनशेच्या आसपास माणसं, तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर चांगले चांगले ऑपरेटर लागोपाठ सोडून जायला लागले तेव्हा साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले तू लाइनवर असतेस, वातावरण नक्की कुठे बिघडलंय ते शोध.

सुरुवातीला मी फॉर्मच काढला. मोबाइलवर भरायचा, चाळीस प्रश्न, नाव लिहायचं नाही. उत्तरं इतकी छान आली की सगळे समाधानी! नंतर समजलं की दोन लाइनचे फॉर्म सुपरवायझरने समोर बसवून भरून घेतले होते. ते सगळं बाजूला ठेवलं.

खरं काय ते कळलं भंगारामुळे. चिपच्या, म्हणजे मशीनिंगमध्ये निघणाऱ्या धातूच्या कातरणाच्या, ट्रॉल्या उचलायला येतात त्या मामांनी काट्यावरून हाक मारली, "मॅडम, ह्यात आख्खे जॉब आहेत बघा." जॉब म्हणजे आम्ही मशीनवर बनवतो तो पार्ट. चिपच्या खाली पाच हाउसिंग (कवचासारखे पार्ट), पूर्ण मशीनिंग झालेले, बोअर म्हणजे आतलं भोक ओव्हरसाइज, म्हणजे वाया गेलेले. त्यातला एक पुसायच्या कापडात गुंडाळून वर गाठ मारलेला. ती गाठ मी तिथेच उभी राहून सोडली आणि खरं सांगते पोटात कालवलं, रात्रपाळीत कोणीतरी इकडेतिकडे बघत किती घाईने आणि किती घाबरून ती मारली असेल.

कारण सकाळच्या मीटिंगला आमच्या बोर्डवर रिजेक्शन लिहायचे ते मशीन नंबर आणि समोर ऑपरेटरचं नाव असंच. पंधरा जणांसमोर त्याला उभं करायचं. कॉन्ट्रॅक्टचा पोरगा असला तर पुढच्या महिन्यात तो गेटवर दिसायचा नाही. मग खराब जॉबसाठी ठेवलेल्या लाल पेटीत जॉब टाकणार कोण?

मी आठवडाभर तिसऱ्या शिफ्टला थांबले. डायरी नाही, मोबाइल नाही, तीन वाजताच्या चहाला दोघा-दोघांशी बोलायचं, सुपरवायझर जवळ नको. पहिले दोन दिवस "सगळं ठीक आहे मॅडम" एवढंच. तिसऱ्या दिवशी लातूरकडचा एक दादा म्हणाला, "चूक झाली की आधी कोण ते विचारतात, काय झालं ते कोणी विचारतच नाही." मला जे शोधायचं होतं ते ह्या एका वाक्यात होतं असं मला आजही वाटतं.

टोयोटात ऑपरेटर दोरी ओढून लाइन थांबवू शकतो हे आम्ही सगळ्यांनी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं. पण दोरी ओढल्यावर टीम लीडर लगेच मदतीला येतो, हा अर्धा भाग कोणी मनावर घेतलाच नव्हता.

साहेबांना मी दोनच गोष्टी मागितल्या. बोर्डवरून नावं काढायची, त्याऐवजी वेळ आणि कारण लिहायचं. आणि जॉब खराब झाल्याचं कोणी येऊन सांगितलं की सुपरवायझरने पहिला प्रश्न "काय झालं" हाच विचारायचा. ऐकायला सोपं आहे, पण वीस वर्षं "कोणी केलं" विचारायची सवय असलेल्या माणसाच्या तोंडून ते यायला आम्हाला तीन महिने लागले, त्यात एक सुपरवायझर चिडून राजीनामा देऊन गेला, मला त्याचं वाईट वाटलं कारण त्यालाही वरून तसंच वागवलेलं होतं.

आणि मग रिजेक्शन वाढलं. महिन्याला आठ-नऊ दिसायचं ते एकदम तिसावर गेलं. साहेब हादरलेच, म्हणाले तू माणसं सैल सोडलीस. तेव्हा मी त्यांना हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला, नव्वदच्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या तर चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, लोक त्या उघड बोलत असावेत. साहेबांना पूर्ण पटलं असं नाही, पण अजून दोन महिने दिले.

त्या दोन महिन्यांत वेळेची नोंद कामाला आली. खराब जॉब बहुतेक शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात. त्या वेळी सगळे एकदम एअर गनने मशीन साफ करतात, लाइनमधलं हवेचं प्रेशर पडतं, जॉब पकडून ठेवणारा हवेवर चालणारा न्यूमॅटिक क्लॅम्प ढिला होतो, जॉब फिक्स्चरमध्ये किंचित सरकतो आणि बोअर जातो! म्हणजे ज्या पोरांची नावं बोर्डवर लागली त्यातल्या कित्येकांचा काहीच दोष नव्हता. क्लॅम्पसाठी वेगळी टाकी आणि प्रेशर स्विच बसवला, रिजेक्शन खाली आलं. पण आधी काढून टाकलेले दोन पोरगे परत बोलवायला फोन केले तर एकच आला, दुसऱ्याने उचललाच नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मध्यंतरी इन्स्पेक्शनच्या मुलींशी बोलताना कळलं की लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कमिटी असते हेच त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नाही. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती लागतेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका आणि एक सदस्य बाहेरचा. आमच्या कमिटीचा कागद अकाउंट्सच्या कपाटामागे चिकटवलेला. आता तो चेंजिंग रूममध्ये आहे, नावं आणि फोन नंबरसकट.

सगळं सुधारलंय असं अजिबात नाही. ओव्हरटाइमचं अजूनही दुपारी अडीचला सांगतात, तीनची बस सुटायच्या आधी, आणि घरी लहान मूल असलेल्या बाईने काय करायचं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या मीटिंगला हाच विषय ठेवलाय.