36 वर्षं पासपोर्ट छापले, मग एक स्वतःचा काढला

नाशिकरोडला नुसतं 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. माझी 36 वर्षं इंडिया सिक्युरिटी प्रेस या सरकारी छापखान्यात गेली, त्यातली शेवटची बरीच पासपोर्टच्या कामावर. देशात कुणीही, कुठेही पासपोर्ट काढला तरी त्याची पुस्तिका नाशिकचीच. पण आमच्या हातून ती जाते कोरी. नाव, फोटो हे सगळं पुढे पासपोर्ट कार्यालयात छापलं जातं. इतक्या वर्षांत किती पुस्तिका डोळ्यांखालून गेल्या त्याचा हिशेब नाही, पण नाव असलेली एकही नाही. आणि आमच्या घरात तर कुणाकडेच पासपोर्ट नव्हता. नोकरीत असताना काढायचा तर कार्यालयाला कळवा, कागद जोडा. दरवेळी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून राहून गेलं.

शाळेत गुरुजींनी माझी जन्मतारीख 1 जून लावली. माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांची तीच असते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे 2024 ला मी गेटवरची शेवटची झडती देऊन बाहेर पडलो. त्या दिवशी आम्ही एक जूनवाले बरेच जण होतो. हार, नारळ, फोटो झाले. घरी आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात हिला सांगितलं, मला परदेशात जाऊन सेवा करायची आहे.

हे अचानक सुचलेलं नव्हतं. 2007 मध्ये मी इगतपुरीच्या धम्मगिरीवर पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. नंतर रजा मिळेल तसा तिथेच धम्मसेवक म्हणून जात राहिलो. स्वयंपाकघर, झाडलोट, घंटी, पडेल ते काम. एकदा एका वयस्कर सेवकाने सांगितलं होतं की ही केंद्रं जगभर आहेत आणि नियम सगळीकडे सारखेच. ज्याने एक पूर्ण शिबिर केलंय तो कुठेही सेवेसाठी अर्ज करू शकतो. पगार नाही, फी नाही. राहणं-जेवण केंद्राचं, येण्याजाण्याचा खर्च आपला. ते मनात घर करून होतं.

मध्यंतरी मुलीने इंटरनेटवर एक संस्था शोधली. दोन आठवडे आफ्रिकेतल्या एका देशात जाऊन मुलांना शिकवायचं आणि त्यासाठी आपणच दीड लाखाच्या वर भरायचे. मी स्पष्ट नाही म्हणालो. पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न हा की ज्या मुलांची भाषा मला येत नाही त्यांना मी दोन आठवड्यांत काय शिकवणार? निवृत्त माणसाने आपल्याला खरोखर जे येतं तेच घेऊन जावं असं माझं ठाम मत आहे. मला भांडी घासता येतात, पहाटे उठता येतं आणि तासन् तास उभं राहून एकच काम नीट करता येतं. त्याची गरज कुठे आहे, एवढंच शोधायचं होतं.

देश म्हणून नेपाळ निवडला त्याला एक व्यवहारी कारण होतं. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर गेलात तर बिनपगारी सेवासुद्धा काम धरली जाते आणि अडचण होऊ शकते. जाण्याआधी हे नीट विचारून घ्यायला हवं. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ कराराने एकमेकांच्या देशात राहण्याची मोकळीक दिलेली आहे.

पण विमानाने जायचं तर ओळखपत्र लागतं, आणि इथे माझा गैरसमज होता. मला वाटायचं आधार चालेल. 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 च्या पुढच्यांना नेपाळसाठी आधार चालतं. माझ्यासारख्या मधल्यांना पासपोर्ट नाहीतर निवडणूक ओळखपत्र हवं. मी साठीचा. माझ्या मतदार कार्डावर आडनावातलं एक अक्षरच गायब होतं आणि फोटो इतका पुसट की तो मीच आहे हे मलाही सांगावं लागलं असतं. मग म्हटलं, आता पासपोर्टच.

मुलीने पोर्टलवर अर्ज भरला. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये. साठी पूर्ण झालेल्यांना नव्या अर्जावर 10 टक्के सवलत, म्हणून 1350 भरले. आधारवर माझं फक्त जन्मवर्ष होतं, तारीख नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आधी आधार केंद्रावर गेलो आणि ती दुरुस्ती करून घेतली. ज्यांचं असं असेल त्यांनी हे काम सगळ्यात आधी करावं. जन्मतारीख पुन्हा पुन्हा बदलता येत नाही, तेव्हा समोरच्या स्क्रीनवर स्वतः वाचून मगच हो म्हणावं.

अर्जात एक रकाना होता, ईसीआर की नॉन-ईसीआर. मुलीने विचारलं, बाबा, दहावीचं प्रमाणपत्र आहे ना? ते जोडलं की नॉन-ईसीआर. पन्नाशीच्या पुढच्यांना तसंही त्याची अडचण नसते. मी ते फाईलला लावलं आणि विसरून गेलो. त्या रकान्याचा अर्थ मला पुढे काठमांडूत समजला.

पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी अशा तीन खिडक्या. पहिल्या खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. पुढच्या दोन खिडक्यांवर अधिकारी मूळ कागद तपासतात. सगळं मिळून तासाभराच्या आत झालं. शेवटच्या खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं, कुठे होतात कामाला? प्रेसमध्ये म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "मग तुम्हीच आम्हाला पाठवत होतात." मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही.

अडकलं ते पोलीस पडताळणीत. शिपाई घरी आला तेव्हा आम्ही चार दिवस मुलीकडे पुण्याला. 'पत्त्यावर आढळले नाही' असा शेरा गेला. पोलीस ठाण्यात दोन खेपा घातल्या. तिसऱ्या वेळी वीजबिल, घरपट्टीची पावती आणि दोन शेजाऱ्यांना घेऊनच गेलो, तेव्हा काम झालं. सेवा केंद्रातून परत आलात की दोन-तीन आठवडे गाव सोडू नका.

स्पीड पोस्टने लिफाफा आला तो दुपारी. पोस्टमन ज्याचा त्याच्याच हातात देतो. मी पासपोर्ट काढला आणि सवयीने आधी मागचा भाग पाहिला. शिलाई, कडा, पानं सुटी होतात का, क्रमांकाची छिद्रं सगळ्या पानांवर सरळ आहेत का. मग उजेडावर धरून जलचिन्ह पाहिलं. हे सगळं झाल्यावर ही म्हणाली, "अहो, नाव तरी बघा." तेव्हा मी माझ्या नावाचं पान उघडलं.

सेवेचा अर्ज त्यामानाने सोपा. किती शिबिरं केली, तब्येत कशी, कोणती औषधं चालू, कोणत्या भाषा येतात, घरचा संपर्क. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे लिहिलं. लपवू नये, तिथे काही झालं तर त्रास त्यांनाच होतो. काही दिवसांनी उत्तर आलं की 14 जानेवारीपासूनच्या शिबिरासाठी या. हिची आई आमच्याकडे असते, त्यामुळे हिला येणं शक्य नव्हतं. "तुम्ही जाऊन या, उन्हाळ्यात मी इगतपुरीला बसते," असं तिने ठरवून टाकलं.

12 जानेवारी 2025 ला सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघालो. इगतपुरीला खिडकीतून धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा दिसला, तेव्हा हात जोडले. मुंबई विमानतळावरच्या झडतीत मी सहज हात वर करून उभा राहिलो. 36 वर्षं रोज तेच केलेलं.

पैशाची एक गोष्ट सांगतो. तेव्हा नेपाळमध्ये शंभरच्या वरच्या भारतीय नोटा चालत नव्हत्या, म्हणून बँकेतून शंभराच्या नोटा घेतल्या. दर ठरलेला आहे, आपला एक रुपया म्हणजे त्यांचे 1 रुपया 60 पैसे. प्रेसमधले जुने लोक आम्हाला सांगायचे की नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा 1945 मध्ये आपल्या नाशिकलाच छापल्या होत्या. काठमांडूत पहिल्यांदा नेपाळी नोट हातात घेतली तेव्हा ते आठवलं.

त्रिभुवन विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला आणि परत दिला. शिक्का नाही. भारतीयांना तो लागत नाही.

काठमांडूचं विपश्यना केंद्र धर्मशृंग शहराच्या उत्तरेला, बुढानीलकंठला, शिवपुरीच्या जंगलाला लागून आहे. जवळच बुढानीलकंठाचं मंदिर, पाण्यात शेषावर पहुडलेली विष्णूची काळ्या पाषाणातली मूर्ती. मी आदल्या रात्री तिथल्या एका छोट्या लॉजवर राहिलो. घरून आणलेले तिळगुळाचे लाडू मालकिणीला दिले आणि 'तिळगुळ घ्या, गोड बोला'चा अर्थ हिंदीत सांगितला. ती आत गेली आणि ताटलीत तिळाचा लाडू, 'चाकू' नावाची गुळाची चिक्की आणि उकडलेला कंद घेऊन आली. त्यांची माघे संक्रांतीही त्याच दिवशी.

केंद्रात मोबाइल, पासपोर्ट, पाकीट जमा केलं. साधक दहाव्या दिवसापर्यंत मौनात असतात. सेवकांनी कामापुरतंच बोलायचं, पंचशील पाळायचं आणि सकाळी 8, दुपारी 2:30 आणि संध्याकाळी 6 च्या सामूहिक साधनेला बसायचंच. मला स्वयंपाकघर आणि पुरुषांच्या बाजूची पहाटेची घंटी मिळाली. घंटी चारला. मी मनगटी घड्याळाच्या ठोक्याला चार वाजता बाहेर पडलो, तर व्यवस्थापक अंधारात उभे. त्यांचं घड्याळ सव्वाचार दाखवत होतं. नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे आणि मी घड्याळ लावलंच नव्हतं. शंभरावर माणसं माझ्या चुकीमुळे उशिरा उठली, याची रुखरुख मला दिवसभर लागून राहिली. मेत्ता, म्हणजे सगळ्यांसाठी मंगलकामना करायची साधना, झाल्यावर व्यवस्थापकांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी माझं घड्याळ स्वतःच्या हाताने लावून दिलं.

जानेवारीतली तिथली पहाट नाशिकच्या थंडीने कळणार नाही. नळाचं पाणी हातावर पडलं की बोटं आहेत की नाहीत ते समजत नाही. साधक आपली ताटं आपण धुतात, पण भाताची मोठी पातेली, डाळीचे टोप आमच्याकडे. बरोबरची नेपाळी मुलं मला 'बुवा' म्हणायची. आपल्याकडे बुवा कीर्तनात, त्यांच्याकडे बुवा म्हणजे वडील. 'चिसो पानी' म्हणत ती मला नळापासून लांब करायची आणि 'तातो पानी'ची बादली आणून ठेवायची. भांड्याला ती भांडाच म्हणतात. तिसऱ्या दिवशी तळाला करपलेलं एक पातेलं घासायला मला पाऊण तास लागला. आतून ते आरशासारखं झालं, तेव्हा एका मुलाने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलायची मुभा नव्हती आणि गरजही नव्हती.

पंचविशीतला एक साधक रोज जेवायला सगळ्यात शेवटी यायचा. शिबिर संपलं त्या सकाळी सगळ्यांचं सामान परत मिळालं, तेव्हा तो पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. कतारमध्ये दोन वर्षं बांधकामावर होता, दोन महिन्यांपूर्वी परत आला. त्याने हिंदीत सांगितलं की पोहोचल्याच्या दिवशी मालकाने पासपोर्ट काढून घेतला तो दोन वर्षांनी निघताना दिला. मधे वडील वारले, येता आलं नाही. आता तो पासपोर्ट घरी ठेवत नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात असतो.

तेव्हा मला ईसीआरचा रकाना आठवला. दहावी न झालेला आपला माणूस कतार, मलेशिया, सौदी अशा 18 देशांत कामाला निघाला की त्याची कागदपत्रं आधी सरकारने तपासायची, त्याची फसवणूक होऊ नये म्हणून, हा त्याचा अर्थ. इतकी वर्षं ज्या पुस्तिकेची मी शिलाई तपासली, ती हातात नसली की माणसाचं काय होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी त्याला सांगितलं की मी पासपोर्ट बनवायच्या कारखान्यात होतो. त्याचा विश्वास बसेना. मग मी माझा काढला, एक पान कोवळ्या उन्हावर धरलं आणि जलचिन्ह कसं पाहायचं ते दाखवलं. तो सगळी पानं उलटत गेला. म्हणाला, "बुवा, पूरा खाली है." मी म्हटलं, हो, सगळी 36.

त्याने जॅकेटमध्ये हात घातला आणि स्वतःचा माझ्या हातात दिला. कोपरे मुडपलेले, कव्हरला घामाचा डाग. मी पाठ दाबून पाहिली, मधली पानं ओढून पाहिली, धाग्यावरून बोट फिरवलं.

"शिलाई मजबूत है," मी म्हणालो.

तो हसला, पासपोर्ट परत आतल्या खिशात ठेवून त्याने चेन वर ओढली. खाली रस्त्यावर मायक्रोबसचा हॉर्न वाजला. तो पिशवी घेऊन उतरला आणि मी स्वयंपाकघरात गेलो. पातेली अजून तशीच पडली होती.