तीन दिवसांचं फूल

"एवढं सगळं करून तीनच दिवस?" सकाळी स्टॅनहोपिया बघायला आलेली मैत्रीण म्हणाली, आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातनं जाईना.

या ऑर्किडचा फुलांचा दांडा वर येतच नाही, सरळ खाली जातो, मुळांमधून वाट काढत टोपलीच्या तळातून बाहेर लोंबतो. साध्या कुंडीत लावलं तर कळ्या आतच अडकून कुजतात, म्हणून जाळीची टोपली. आज पहाटे उमललं, तळहाताएवढं, मेणासारखं जाड, लालसर ठिपक्यांचं, पुढे दोन शिंगं, आणि वास तर असा की दारातच कळतं!

तो वास आपल्यासाठी नाहीच खरं तर. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात ऑर्किड-मधमाश्यांचे नर तो गोळा करायला येतात, मध मिळतच नाही या फुलात, फक्त सुगंध, तो ते मागच्या पायांत साठवतात. गोळा करता करता घसरतात आणि परागांचा पुंजका अंगाला चिकटतो.

एवढं काम तीन दिवसांत उरकत असेल तर फुलानं अजून कशाला थांबायचं?

तिला हे सांगायचं राहूनच गेलं. उद्या परत बोलावलंय, वास जायच्या आत.

तुमच्याकडे आहे का असं पटकन जाणारं एखादं फूल?