घामोळं समजून घालवलेला दीड महिना

गेल्या नवरात्रात आठव्या माळेला गरब्याहून घरी आले आणि चोळी उतरवताना डोळ्यांत पाणीच आलं. छातीखालच्या घडीत कातडी लालभडक, ओलसर. बडोद्यात त्या दिवसांत रात्री बारा वाजताही अंग चिकचिकतं, त्यात चोळीला नायलॉनचं अस्तर. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सासूबाईंचं निदान तयार होतं: उष्णता. वाळ्याचं पाणी सुरू झालं.

चार दिवसांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुसऱ्या दिवशी खाज गायब! ट्यूब संपली तशी दुप्पट जोराने परत, आता जांघेतही. अशा तीन ट्यूबा संपवल्या. बुरशीच्या औषधासोबत त्यात क्लोबेटासॉल होतं, म्हणजे चांगलंच जोरकस स्टेरॉइड. त्याने लाली-खाज दबते, पण कातडीचा प्रतिकारही दबतो आणि बुरशीचं फावतं. असलं मलम चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. दुकानदाराने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चट्ट्यापेक्षा चट्ट्याच्या आजूबाजूला जास्त वेळ पाहिलं. "नायट्याची कड उठलेली असते, मधला भाग साफ होत जातो. हा घडीत ओला राहतो आणि बाहेर अशी पिल्लं टाकतो," म्हणत त्यांनी सुट्या लाल पुळ्यांवर बोट ठेवलं. बोथट पात्याने थोडी साल खरवडली, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशी उरते. मलाही बघू दिलं: बारीक अंडाकृती दाणे, काहींना फुटवे, मधूनमधून दोरे. कँडिडा, म्हणजे यीस्ट जातीची बुरशी.

मग हळूच विचारलं, "बेन, नीचे पण खंजवाळ आवे छे?" खाज येत होती. दह्याच्या कवडीसारखं पांढरं जात होतं, पण ते मी कुणाला, अगदी नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. पांढरं जाणं म्हणजे अशक्तपणा, एवढंच ऐकत आलेले.

त्यांनी साखर तपासायला लावली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 8.4 आलं, 6.5 पासून पुढे मधुमेह. रक्तात साखर वाढली की ती लघवीत उतरते, यीस्ट तिच्यावर पोसतं. फिजिशियनने मेटफॉर्मिन दिली. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्याने हा त्रास वाढू शकतो, म्हणून त्या सध्या नकोत म्हणाले.

औषध साधंच निघालं: क्लोट्रिमाझोलचं मलम दोन वेळा, आणि खालच्या त्रासासाठी योनीत ठेवायच्या गोळ्या 7 रात्री. आठवड्यात कातडी स्वच्छ दिसायला लागली, तरी बाईंनी मलम आणखी दोन आठवडे लावायला लावलं. खरी कटकट कोरडं ठेवण्याची. आंघोळीनंतर घडी टिपायची, घासायची नाही, मग पंख्याखाली पाच मिनिटं उभं राहायचं. एकत्र कुटुंबात पंख्याखाली पाच मिनिटं कुठे मिळतात, ते विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नणंदेने पाव-ब्रेड बंद करायला सांगितलं, यीस्ट असतं म्हणून. बाई हसल्या, पावातलं यीस्ट वेगळं, आणि भाजताना ते मरतंच. माझी खरी गोची रोजच्या चहातल्या दोन चमचे साखरेत आणि श्रीखंडात होती.

यंदा चोळीचं अस्तर काढून मलमलचं लावून घेतलं, आणि आरतीनंतर बदलायला दुसरी चोळी पिशवीत. शिंपी कुरकुरला, फिटिंग बिघडेल म्हणून. थोडं बिघडलंय खरं.