पाळी गेलेल्या आईला परत डाग दिसला तेव्हा

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल, तपकिरी, नुसतं गुलाबी पाणी जरी गेलं, तरी बाईला तपासायला न्यायचं. आईच्या पाळीला जाऊन तर पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

आम्हाला कळलं ते वहिनीमुळं. आईनं फिकट साड्या नेसायचं सोडलं होतं. तिचा परकर ती स्वतःच पहाटे धुवायची आणि दोरीवर मोठ्या टॉवेलखाली वाळत घालायची. लग्नकार्याला जायचं टाळायची. वहिनीनं फोन केला, "ताई, आत्यांना अंगावरून जातंय बहुतेक. मला सांगत नाहीत. तुम्ही या."

भाऊ आणि वडील शेतात गेल्यावर मी विषय काढला. 'तब्येत कशी आहे' असं विचारून आपल्या आया काही सांगत नाहीत. मी सरळच विचारलं, "आई, खालून रक्त जातंय का?" ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. "मधनंमधनं लालसर जातंय. उष्णता झालीया. दुखत तर काय न्हाई."

दुखत नाही, हेच फसवं. त्यात गावातल्या एका डॉक्टरांनी आतून न तपासता रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्त थांबलं, आईला बरं वाटलं. थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू झालं.

तिचं आणखी एक म्हणणं होतं, "माझी तपासणी मागंच झालीया की." ते खरंच होतं. आमचा परांडा तालुका. 2000 च्या आसपास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मोठी तपासणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे तो कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीनं, त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले, हे 2009 मध्ये जगापुढं आलं. आमच्या भागातल्या बायकांचं हे केवढं मोठं काम आहे! पण ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, तो बहुतेक पाळी गेल्यावर होतो आणि जुना चांगला रिपोर्ट त्याची हमी देत नाही. हे मला सोलापूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं.

त्यांनी आधी आईशी एकटीशी बोलून घेतलं. साखर आहे का, वजन किती, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, बहिणींना किंवा घरात कुणाला आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर होता का, असं सगळं विचारलं. आईला मधुमेह आहे, वजनही जास्त. पाळी गेल्यावर चरबीतूनही इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक तयार होत राहतं आणि त्यानं अस्तर वाढतं. आतून तपासायचं म्हटल्यावर आईनं पदर घट्ट धरला. "ह्या वयात कशाला?" नर्सबाई शेजारी उभी राहिली, चादर पांघरली, तेव्हा ती तयार झाली.

मग आतून सोनोग्राफी. ह्याला पोटावरच्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन थांबावं लागत नाही, उलट लघवीला जाऊन यायचं. अस्तर 11 मिलिमीटर निघालं. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर 4 च्या वर असेल, तर तुकडा तपासतात. बारीक प्लास्टिकच्या नळीनं बाह्यरुग्ण विभागातच तो घेतला. आईला पाळीसारखी जोराची कळ आली, क्षणभरच. फॉर्मॅलिनची बाटली माझ्या हातात दिली. पाण्यात तरंगणारे तांबूस धागे, वर चिकटपट्टीवर आईचं नाव आणि वय. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मी ती पदराआड धरून होते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, पण ग्रेड 1, म्हणजे हळू वाढणारा. एमआरआय झाला, मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गर्भाशय, नळ्या, दोन्ही अंडाशय काढले. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागलं. आरोग्यमित्राच्या टेबलापाशी भाऊ बराच वेळ बसला. काढलेल्या भागाच्या रिपोर्टवरून पहिली पायरी ठरली, म्हणजे कॅन्सर गर्भाशयाबाहेर पसरलेला नव्हता; रेडिएशन लागलं नाही.

पाळीनंतर रक्त दिसलेल्या दहा जणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. पण अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ जणींना आधी हेच रक्त दिसलेलं असतं. म्हणून वहिनीचं त्या परकरावर लक्ष गेलं, ह्याचं मला फार मोल वाटतं.

आईचं ऐकून धाकट्या मावशीनंही सांगितलं, तिलाही मध्येच डाग दिसतात. तिला त्याच आठवड्यात नेलं. अस्तर 3 मिलिमीटर होतं. योनीमार्गाची आतली त्वचा कोरडी, नाजूक झाल्यानं रक्त येत होतं. ती आता मलम लावते. पुन्हा डाग दिसला तर लगेच यायचं, असं बाईंनी तिच्या कागदावर लिहून दिलंय.