सुटलेले डबे आणि न निघणारी खीळ
चार्ल्स ब्रॉन्सनच्या ‘ब्रेकहार्ट पास’ (१९७५) या वेस्टर्नची बरीचशी कथा आगगाडीतच घडते. चढावर सैनिकांचे डबे सुटतात, मागे घरंगळतात आणि दरीत कोसळतात. आजच्या गाडीत डबे सुटले की हवेची नळी तुटते, दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. १८७०च्या दशकात मात्र बहुतेक मालडब्यांना हातब्रेकच होते. टपावरचं चाक फिरवून प्रत्येक डब्याचा ब्रेक वेगळा आवळायचा, म्हणून ब्रेकमन बर्फातही टपावर पळायचे! वेस्टर्न सिनेमे एक गोष्ट हमखास विसरतात. तेव्हा दोन डबे कडीने जोडून त्यात खीळ घालत; चढावर ही कडी ताणलेली असे, त्यामुळे खीळ हाताने उपसता येत नसे. इंजिनाने गाडी किंचित मागे रेटून ढील दिली तरच ती सुटे. बर्फाळ टपावरची मारामारी मात्र आजही बघण्यासारखी.