साखळी ते पंढरपूर: चालताना उमगलेली मांडी

ज्येष्ठ सरत आला होता आणि वाळवंटी नदी भरून वाहत होती, अशा एका पहाटे साखळीजवळच्या विठ्ठलापूरच्या देवळात आरती करून आमची दिंडी पंढरपूरच्या वाटेला लागली. मी गेली २२ वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवते, आणि त्यातही मांडीचा भाग दरवर्षी माझ्याकडेच असतो. मांडीतला प्रत्येक स्नायू, प्रत्येक नस आणि रक्तवाहिनी मी चिमट्याने मोकळी करून दाखवली आहे; पण ती शवविच्छेदनाच्या टेबलावर, ज्यांनी मरणोत्तर देहदान केले त्या निश्चल देहांत. चालणाऱ्या मांडीकडे इतके दिवस सलग लक्ष देण्याची संधी मला या वारीनेच दिली.

केरीपर्यंत पाय सहज चालले. अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले आणि चोर्ला घाटाचा चढ सुरू झाला, तेव्हा मांडीचा पुढचा भाग बोलू लागला. तिथे चतुःशिरस्क स्नायू असतो, म्हणजे चार तोंडांनी उगम पावणारा. त्याचे तीन भाग मांडीच्या हाडावरच उगवतात आणि चौथा, मधला लांबट, खुब्याच्या सांध्यावरून कमरेच्या हाडापर्यंत जातो. चौघे मिळून गुडघ्याच्या वाटीला धरतात आणि वाटीखालच्या जाड बंधातून नडगीच्या हाडाला ओढतात. चढावर पुढचे पाऊल वर टेकले की हा स्नायू गुडघा सरळ करतो, नितंबाचा मोठा स्नायू खुबा सरळ करतो, आणि दोघे मिळून सगळा देह वर उचलतात. माझ्यापुढे एक तरुण मृदंगवादक धोतर खोचून चालत होता. प्रत्येक पावलाला त्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक उंचवटा टरारून येत होता आणि पाऊल सुटताच विरत होता. विद्यार्थ्यांना तो भाग दाखवताना मी चिमट्याने ताणून धरते. इथे तो पावसात भिजत, मृदंगाच्या तालावर आपोआप उमटत होता.

घाट चढताना दमले खरे, पण मांड्या दुखल्या त्या नंतरच्या उतारांनी. उतरताना हाच स्नायू ताणला जात असतानाच आकुंचनाचा जोर लावतो, कारण त्याला देहाचा भार एकदम कोसळू न देता हळूहळू खाली सोडायचा असतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतो. दिंडीतील बरेच जण त्याला ‘आम्ल साचले’ असे म्हणत होते. मी प्रत्येकाला समजावले की ते आम्ल विसावा घेतल्यावर थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते आणि दोन दिवसांनी येणाऱ्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. जुने वारकरी सांगत होते की पहिले तीन दिवस सोसले की पाय वाटेला सरावतात. ते शास्त्राशी जुळणारे आहे. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या खेपेला कमी दुखतो.

बेळगाव मागे पडल्यावर एका मुक्कामी दिंडीतल्या एक काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. वय सत्तरीच्या आसपास, काष्टा घातलेला, बोलणे मोजके. त्या म्हणाल्या, “बाय, उजव्या मांडीला बाहेरून चटका बसल्यासारखी आग होते. कातडीला लुगडे लागले तरी सोसवत नाही. मला अर्धांग तर नाही ना होणार?” आडोसा करून मी त्यांना तपासले. गुडघा त्या माझ्या हाताविरुद्ध जोराने सरळ करत होत्या, पाय उचलत होत्या, ताकदीत काहीही उणे नव्हते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मात्र हाताच्या पंजाएवढ्या भागात स्पर्श बोथट लागत होता आणि तिथेच आग होती. मग माझे लक्ष त्यांच्या कमरेकडे गेले. पैशांचा बटवा त्यांनी नाडीने करकचून आवळला होता आणि त्याची गाठ कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी, अगदी आतल्या बाजूला रुतली होती. काकींचे दुखणे तिथेच होते. कण्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरून निघणारी एक बारीक नस त्या टोकाजवळ, जांघेच्या बंधाखालून मांडीत उतरते. तिचे काम एवढेच की मांडीच्या बाहेरच्या कातडीची संवेदना वर पोचवायची. एकाही स्नायूला ती हलवत नाही. म्हणून ती चिमटली की आग होते, बधिरता येते, पण पाय लुळा पडत नाही. मी गाठ सोडली, बटवा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवायला लावला आणि अर्धांगाची भीती मनातून काढून टाकायला सांगितले. पुढच्या पाच-सहा दिवसांत आग ओसरत गेली. एवढ्या बारीक नसेने एका म्हाताऱ्या बाईची झोप उडवली होती, हे मी आता वर्गात सांगितल्यावाचून राहणार नाही.

त्या रात्री कीर्तनाला सगळे मांडी घालून बसले. एकाच शब्दात आपण अवयवही सांगतो आणि बैठकही. शरीरात या बैठकीसाठीच घडवल्यासारखा एक स्नायू आहे, आणि तोच शरीरातला सर्वांत लांब. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो, मांडीवरून तिरपा आत येतो आणि गुडघ्याच्या आतून नडगीवर उतरतो. खुबा वाकवणे, मांडी बाहेर फाकवणे, बाहेर वळवणे आणि गुडघा दुमडणे, ही चारही कामे तो करतो. चारही एकदम केली की मांडी घातली जाते. लॅटिनमध्ये त्याचे नाव शिंप्यावरून पडले, कारण शिंपी असेच बसून शिवत. नामदेवरायांची पायरी जिथे आहे, त्या देवळाकडे जाताना हे नाव आठवले आणि मला फार आनंद झाला.

याच शिंपी स्नायूच्या आडोशाने मांडीची मुख्य धमनी वाहते. जांघेच्या मध्यावर बोट दाबले तर तिचा ठोका लागतो; तिच्या बाहेरच्या बाजूला चतुःशिरस्काची नस आणि आतल्या बाजूला शीर असते. तिथून खाली ती या स्नायूखालच्या बोगद्यात शिरते आणि आतल्या बाजूच्या मोठ्या स्नायूतील छिद्रातून गुडघ्यामागे जाते. या बोगद्याला जॉन हंटर यांचे नाव आहे. १७८५ मध्ये लंडनमध्ये एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागे धमनी फुगली होती, तेव्हा त्यांनी ती फुगलेल्या जागी न बांधता वर, या बोगद्यात बांधली. पाय वाचला, कारण मांडीत वरच फुटणारी खोल धमनी आणि तिचे फाटे आडवाटांनी रक्त खाली पोचवत राहिले. मांडीच्या मागच्या स्नायूंना तर स्वतःची मोठी धमनीच नाही. खोल धमनीचे फाटे हाडालगत आरपार जाऊन त्यांना रक्त देतात.

चालण्याच्या लयीत मांडीचे तीन कप्पे काम करतात आणि प्रत्येकाची नस वेगळी असते. पुढच्याची एक, आतल्या बाजूची दुसरी, आणि मागच्याची ती जाडजूड नस, जी दुखावली की लोक सायटिका म्हणतात. मागचे स्नायू पुढे झेपावणाऱ्या पायाला टाच टेकण्याआधी आवर घालतात. या तीन कप्प्यांतून प्रत्येकी एक स्नायू निघतो आणि तिघे गुडघ्याच्या आत, नडगीच्या वरच्या भागावर एकाच जागी येऊन चिकटतात. त्या जागेला हंसाच्या पावलावरून नाव मिळाले आहे. वाखरीला चहूकडून आलेल्या पालख्या एकत्र येताना पाहिल्या तेव्हा माझा हात नकळत गुडघ्याच्या त्या जागेवर गेला.

पंढरपुरात दर्शनाची रांग रात्रभर हलत होती. एवढे चालून आलेले लोक इतका वेळ उभे कसे राहतात, याचेही उत्तर मांडीतच आहे. सरळ उभे असताना देहाचा भार गुडघ्याच्या किंचित पुढून आणि खुब्याच्या किंचित मागून जातो, त्यामुळे दोन्ही सांधे आपल्या बंधांवर टेकून राहतात आणि चतुःशिरस्क जवळजवळ विसावा घेतो. रांगेतच मी वाकून माझ्या वाटीला बोट लावले. ती सैल होती, इकडेतिकडे सरकत होती. काकींना मी तसे करून पाहायला सांगितले. त्यांनी आपली वाटी हलवून पाहिली आणि मग सरळ होऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले. अंगठ्याखाली तेच हाडाचे टोक होते आणि तिथे आता कसलीही गाठ नव्हती.