माळा

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासना चालू असताना एजंटचा फोन तीनदा थरथरला. घणसोलीचा टू बीएचके. आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे, म्हणून सकाळपासून मागे लागला होता. मी पर्समध्ये हात घालून फोन दाबून धरला, आणि नेमका पाळकांनी बायबलमधला लूकचा बारावा अध्याय काढला. जमीन भरभरून पिकली, धान्य ठेवायला जागा पुरेना, म्हणून कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेला तो श्रीमंत.

आमचं ऐरोलीचं घर वन बीएचके. मलाही जागाच पुरत नव्हती.

घरी येऊन, साडीही न बदलता, स्टूल लावून माळ्यावर चढले. वॉशिंग मशीनचा खोका, आत थर्माकोल जसाच्या तसा. मशीन कधीच भंगारात गेलं. भांडं फुटलेला मिक्सर. नणंदेच्या लग्नात आलेला डिनर सेट, त्याची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. आणि पाळणा. मुलगा यंदा दहावीला आहे! म्हणजे ह्या थर्माकोलला झोपायला खोली हवी म्हणून मी वीस वर्षांचं कर्ज काढत होते.

ह्यांचं म्हणणं, मुलाला अभ्यासाला वेगळी खोली नको का? तेही खोटं नाही. त्या दाखल्यात भरघोस पीक आलं म्हणून कुणी त्या माणसाला बोल लावत नाही. पण तो सगळा हिशोब एकटाच करतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. तसाच हिशोब मी एक्सेलमध्ये मांडला होता. वर नवा हप्ता, मग फी, मेंटेनन्स, किराणा, आणि सगळ्यात खाली दशांश, म्हणजे देवासाठी चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग. शेवटच्या रकान्यात आकडा उणे येत होता, म्हणून मी तिथे हाताने ५०० टाकले होते. दिवसभर अकाउंट्सचंच काम करते, आकडा कसा बसवायचा ते मला कुणी शिकवायला नको. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात देवाचं राज्य ‘पहिल्याने’ मिळवायला सांगितलंय. माझ्याकडे ते शेवटच्या ओळीत, तेही उरलं तर.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. आमच्याकडे हे फार कौतुकाने सांगतात. मला मात्र आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात, संसार रेटायचा होता तो त्यांना. तेवढं मला जमणार नाही, हे मी प्रार्थनेतही कबूल केलंय. एक ओळ वर सरकवणं जमेल.

सोमवारी एजंटला नको म्हणून कळवलं. दोन दिवस हे माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. भंगारवाल्याने ३४० रुपये दिले, पाळणा खालच्या मजल्यावर गेला.

काल मुलगा रिकाम्या माळ्यात डोकं घालून बघत होता. म्हणाला, “आई, इथे गादी टाकली तर?”

अडीच फूट उंची आहे त्याला.